रिकामी तिजोरी आणि पुन्हा मागितलेले मत

लंडन शहराच्या वायव्येस, मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या मार्गावर पिनर हे ठिकाण आहे. एकेकाळी ते खेडे होते आणि तिथले जुने लोक आजही त्याला खेडेच म्हणतात. तिसऱ्या एडवर्ड राजाने 1336 साली तिथल्या जत्रेला सनद दिली. ती जत्रा अजून दरवर्षी मे महिन्याच्या अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी भर रस्त्यात भरते. कारभाराच्या दृष्टीने मात्र पिनर हा हॅरो बरोचा एक भाग आहे. 1965 साली लंडनचे बरो नव्याने आखले गेले तेव्हापासून पिनरचा कचरा, रस्ते, वाचनालय आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे सारे हॅरो कौन्सिलच्या हाती आहे.

आपल्या बेटावरील बऱ्याच कुटुंबांतील मुले शिक्षणासाठी, नर्सिंगसाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडला गेली आणि त्यांतली काही लंडनच्या याच बाजूस घर करून राहिली. परदेशी हिंदी माणसाला ही वस्ती परकी वाटत नाही. 2021 च्या शिरगणतीत हॅरोची लोकसंख्या दोन लाख एकसष्ट हजारांच्या घरात होती, आणि तीत हिंदूंचे प्रमाण चौथाईहून थोडे अधिक, म्हणजे इंग्लंडातील कोणत्याही बरोपेक्षा जास्त होते. सुटीत घरी आलेल्या या मुलांकडून एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडतो. घरपट्टी दर एप्रिलला चढते, कामे दर वर्षी उतरतात, आणि तरीही कौन्सिलर चौथ्या वर्षी दारात उभे राहून म्हणतात की, आम्हांलाच पुन्हा निवडून द्या. मग मत द्यावे की न द्यावे?

हा प्रश्न फक्त त्यांचा आहे असे कोणी समजू नये. त्याचे एक टोक आपल्या वाक्वा-क्युरपीपपर्यंत येते, ते पुढे सांगू. आधी पिनरचेच पाहू. तिथे राहणाऱ्या मॉरिशसच्या नागरिकाला मताचा हक्क आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. राष्ट्रकुलातील देशांचा जो नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर परवान्याने राहतो त्याला तिथल्या सर्व निवडणुकांत मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्टाची गरज नाही. नाव यादीत घालावे लागते, आणि 2023 पासून इंग्लंडात मतदानाच्या खोलीत छायाचित्राचे ओळखपत्र दाखवावे लागते.

आता पैशाचे पाहू. तिथली घरपट्टी म्हणजे कौन्सिल टॅक्स. 1990 च्या डोईपट्टीवरून देशात दंगे झाले, बाई थॅचर यांचे आसन डळमळले आणि ती डोईपट्टी मोडून 1993 साली हा कर आला. घरांच्या किमतींप्रमाणे 'ए'पासून 'एच'पर्यंत आठ पायऱ्या केल्या. गंमत अशी की त्या किमती 1 एप्रिल 1991 च्या आहेत आणि इंग्लंडात आजतागायत त्या पुन्हा मोजल्या गेल्या नाहीत. पिनरमध्ये तेव्हा ज्या घराची जी किंमत होती तीच अजून कराच्या दप्तरात आहे. सर्वांत वरच्या पायरीचे घर मधल्या 'डी' पायरीच्या दुप्पट कर भरते, त्याहून अधिक नाही, मग तो वाडा का असेना. घराच्या मालकाच्या मिळकतीशी तर या कराचा जवळजवळ संबंधच नाही. निवृत्त शिक्षिका आणि तिच्या शेजारचा भरभक्कम पगाराचा गृहस्थ, घरे सारखी असतील तर, सारखीच पट्टी भरतात. ज्या बिलावरून दारोदार भांडण होते ते बिल मुळातच असे वेडेवाकडे आहे, आणि ते सरळ करण्याचा अधिकार पिनरच्या कौन्सिलरला नाही.

कर किती वाढवावा याचाही पूर्ण अधिकार त्याला नाही. 2011 च्या कायद्याने सरकारने वाढीवर छत घातले आहे. 2023 पासूनच्या अंदाजपत्रकांत ते बहुतेक बरोंसाठी 4.99 टक्क्यांवर ठेवलेले आहे. त्यापलीकडे जायचे तर लोकांचे सार्वमत घ्यावे लागते किंवा लंडनहून खास परवानगी आणावी लागते. वाढीव करासाठी असे सार्वमत आजवर एकदाच झाले, 2015 साली बेडफर्डशरच्या पोलीस-निधीसाठी, आणि लोकांनी ते फेटाळले. लोकांना विचारून कर वाढवणे किती अवघड आहे हे त्यावरून कळते.

उलट बाजूने पाहा. 2010 पासून मध्यवर्ती सरकारने कौन्सिलांचे अनुदान कापत नेले. तिथल्या राष्ट्रीय हिशेब-तपासणी कचेरीने 2018 साली सांगितले की, सात वर्षांत हे अनुदान, महागाई धरून, 49.1 टक्क्यांनी घटले. म्हणजे निम्मे गेले. खर्च मात्र वाढत गेला, आणि तोही अशा बाबींचा की ज्या कायद्याने करणे भाग आहे. पांगळ्या वृद्धांना घरी मदतनीस देणे, आईबापांपासून तुटलेली मुले सांभाळणे, बेघर झालेल्या कुटुंबाला तात्पुरते छप्पर देणे, यांपैकी कोणत्याही कामाला कौन्सिल 'नाही' म्हणू शकत नाही. लंडनच्या सर्व बरोंचा मिळून नुसत्या तात्पुरत्या निवाऱ्यावरचा खर्च 2024 साली दिवसाला सुमारे चाळीस लाख पौंड होता. एप्रिल 2025 मध्ये मालकांनी भरावयाचा राष्ट्रीय विमा 13.8 वरून 15 टक्क्यांवर गेला, तेव्हा वृद्धाश्रम चालवणाऱ्यांनी आपले दर वाढवले आणि तो बोजाही फिरून कौन्सिलवरच आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

हे सर्व वजा जाता कौन्सिलरच्या हातात उरते काय? वाचनालय, बागेतले गवत, रस्त्यावरचे खड्डे, मोटार उभी करण्याचे दर, मोठ्या सामानाचा कचरा उचलणे. रकमेने ही सर्वांत लहान कामे, परंतु मतदाराच्या डोळ्यांना दिसतात ती हीच. शंभरांतील फार तर पाच घरांना वृद्धसेवेचा अनुभव येतो, पण कचऱ्याचा डबा शंभर घरांपुढे असतो. म्हणून कात्री चालते ती दिसणाऱ्या कामांवर, आणि मतही पडते ते दिसणाऱ्या कामांवर. पुन्हा उभे राहणाऱ्या कौन्सिलरची कोंडी ती हीच आहे, आणि आमच्या मते ती समजून घेतल्यावाचून त्याला चांगला किंवा वाईट ठरवू नये.

हॅरोचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. 2010 साली मजूर पक्षाने कौन्सिल जिंकले. 2013 मध्ये त्या पक्षात फूट पडली आणि एका वर्षात सत्ता तीन हातांत फिरली: आधी मजूर, मग फुटून निघालेला गट, आणि सप्टेंबरपासून सुझन हॉल यांच्या नेतृत्वाखाली कॉन्झर्व्हेटिव्ह. (याच बाई पुढे 2024 साली लंडनच्या महापौरपदासाठी उभ्या होत्या.) मे 2014 मध्ये मजूर पक्ष 63 पैकी 34 जागांनी पुन्हा आला. त्यानंतर वर्षभराने, जून 2015 मध्ये, कौन्सिलने चार वाचनालये बंद केली: हॅच एंड, नॉर्थ हॅरो, रेनर्स लेन आणि बॉब लॉरेन्स. यांतली पहिली तीन पिनरच्या अगदी शेजारची. पिनरचे वाचनालय राहिले, पण आजूबाजूच्या पोरांना आता तिथवर यावे लागे. आम्ही पेशाने शिक्षक असल्याने वाचनालय बंद झाल्याची बातमी आम्हांला शाळेचा एक वर्ग बंद झाल्यासारखी वाटते. असो. उरलेल्या वाचनालयांचा कारभार बाहेरच्या ठेकेदाराकडे होता. ती कॅरिलियन कंपनी जानेवारी 2018 मध्ये कोसळली आणि वाचनालये परत कौन्सिलच्या अंगावर आली.

एवढे होऊनही मे 2018 मध्ये मजूर पक्षाने हॅरो राखले, आणि एक जागा वाढवून 35 केल्या. मतदार विसराळू असतो असे यावरून कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. तारखा पाहाव्यात. निवडणूक मे 2014 ची, कुलूप जून 2015 चे, पुढची निवडणूक तीन वर्षांनी. कडू औषध पहिल्या वर्षी पाजले की चौथ्या वर्षापर्यंत तोंडाची चव परत येते. चार वर्षांच्या मुदतीत चार अंदाजपत्रके येतात, आणि कोणत्याही पक्षाचे असोत, पहिल्यात कात्री मोठी आणि चौथ्यात डांबर अधिक असते. हा केवळ इंग्रजांचा गुण नाही.

पण 2022 मध्ये तेच गणित फसले. तो काळ आठवावा. प्रधानमंत्री बोरिस जॉन्सन यांच्या कचेरीतील मेजवान्यांचे प्रकरण तापले होते आणि लंडनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष मार खाणार हे सर्वांस दिसत होते. तसेच झाले. वेस्टमिन्स्टर, वाँड्सवर्थ, बार्नेट हे तीन जुने गड एका रात्रीत मजूर पक्षाकडे गेले. हॅरोत मात्र उलटी गंगा वाहिली. जागा आता 63 वरून 55 झाल्या होत्या. त्यांपैकी 31 कॉन्झर्व्हेटिव्हांना आणि 24 मजूर पक्षाला मिळाल्या. बारा वर्षे बहुतांशी सत्तेवर असलेल्यांना लोकांनी घरी बसवले. कारणे काय होती? चढती घरपट्टी, उंच इमारतींना दिलेली परवानगी, 2020 मध्ये रस्ते अडवून रहदारी वळवण्याचे जे प्रयोग केले आणि 2021 मध्ये गुंडाळावे लागले त्यांचा राग. विरोधकांचे एक ठळक आश्वासन तर पहिला तास मोटार फुकट उभी करू देण्याचे होते, आणि ते त्यांनी पुढे अमलातही आणले.

पिनरच्या बाबतीत इथे एक मौजेची गोष्ट घडली. पिनरचे वॉर्ड वर्षानुवर्षे कॉन्झर्व्हेटिव्ह आहेत. म्हणजे 2022 पर्यंत पिनरचे कौन्सिलर विरोधी बाकांवर बसून म्हणत, ही घरपट्टी फार आहे. त्यांना पुन्हा निवडून येणे सोपे होते. बिल दुसऱ्याचे आणि तक्रार यांची. निकालानंतर पॉल ऑस्बर्न नेते झाले, पक्ष सत्तेवर आला, आणि तेच बिल त्यांच्या हातांनी मंजूर होऊ लागले. फुकट पार्किंगने मतदार खूश होतो, पण त्या तासाचे पैसे तिजोरीत येणे बंद होते, आणि वृद्धसेवेचा आकडा काही पार्किंगकडे पाहून थांबत नाही. विरोधात असताना आडात पाणी नाही म्हणून ओरडणे निराळे, आणि पोहरा स्वतः ओढणे निराळे. या कौन्सिलची मुदत मे 2026 पर्यंतची. तिच्या अखेरीस पिनरच्या कौन्सिलराला जे मत मागायचे ते आपल्या स्वतःच्या हिशेबावर मागायचे, हा 2022 च्या विजयाचा खरा अर्थ होता.

हॅरोच्या लोकांनी एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानावेत. इंग्लंडात कायद्याने कौन्सिलचे दिवाळे निघत नाही. परंतु हिशेब जुळणे अशक्य झाले की मुख्य खजिनदार '114 कलमाची नोटीस' काढतो आणि नवा खर्च थांबतो. नॉर्दम्प्टनशर 2018, क्रॉयडन 2020, स्लाउ 2021, थरॉक 2022, वोकिंग व बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम 2023, अशी ही यादी आहे. 2025-26 साठी तीस कौन्सिलांना सरकारकडून खास कर्जाची परवानगी घ्यावी लागली. हॅरो त्या तिसांत नव्हते. बर्मिंगहॅमचे हाल तर वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. 2024 मध्ये घरपट्टी जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढली, 2025 मध्ये आणखी साडेसात, आणि त्याच वर्षी मार्चपासून कचरा-कामगारांचा पूर्ण संप होऊन रस्त्यांवर पिशव्यांचे ढीग साचले.

या बुडालेल्या ठिकाणी मतदारांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. क्रॉयडनने 2022 मध्ये मजूर पक्षाला दूर करून कॉन्झर्व्हेटिव्ह महापौर निवडला. स्लाउने 2023 मध्ये मजूर पक्षाचे बहुमत काढून घेतले. थरॉकने 2024 मध्ये उलट कॉन्झर्व्हेटिव्हांना घालवून मजूर पक्षाला बसवले. पक्ष कोणताही असो, ज्याने तिजोरी बुडवली त्याला लोकांनी ओळखले. मतदार अडाणी आहे असे म्हणणाऱ्यांनी ही तीन नावे ध्यानात ठेवावीत. लोक कात्रीला एकवेळ क्षमा करतात. सट्ट्याला करत नाहीत. क्रॉयडन आणि थरॉक हे दोन्ही मुख्यतः कर्ज काढून केलेल्या धाडसी गुंतवणुकींत बुडाले.

याच्या नेमके उलट उदाहरणही लंडनच्याच इतिहासात आहे. पूर्व लंडनमधील पॉप्लर या दरिद्री बरोने 1921 साली गरिबांच्या मदतीचे पैसे राखण्यासाठी लंडन कौंटीला द्यावयाचा भाग देण्याचे नाकारले. जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांचे सहकारी असे तीस कौन्सिलर तुरुंगात गेले. सरकारला नमावे लागले आणि श्रीमंत बरोंनी गरीब बरोंचा भार वाटून घेण्याचा कायदा झाला. पुढल्या वर्षीच्या निवडणुकांत मजूर पक्ष लंडनभर आपटला, पॉप्लरमध्ये मात्र टिकला. आजच्या कौन्सिलरने तुरुंगात जावे असे आम्ही सुचवत नाही. 1985 मध्ये लिव्हरपूल आणि लॅम्बेथच्या कौन्सिलरांनी दर ठरवण्यास उशीर लावून तसाच हट्ट धरला, तेव्हा त्यांना दंड आणि अपात्रता भोगावी लागली. पण पॉप्लरच्या लोकांना ठाऊक होते की आपला माणूस कशासाठी भांडतो आहे, आणि पैसा कोणाकडून कोणाकडे जातो आहे.

आता आपल्याकडे वळू, आणि वाटेत मुंबईवर क्षणभर थांबू, कारण आपल्या आजे-पणजांची बोट तिथूनही सुटली होती. मुंबई महापालिकेच्या 2017 च्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपणार होती. त्या वर्षीच्या पहिल्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी शहरातील पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची मालमत्ता-करातून माफी जाहीर केली. जकात तर 2017 सालीच गेली होती. माफी लोकांना गोड लागली. निवडणूक मात्र लांबत लांबत जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. कर माफ झाला, आणि जाब विचारायला माणूसही उरला नाही.

आपल्या बेटावर काय घडले ते वाचकांना आम्ही सांगावयास नको. 14 जून 2015 रोजी पाच नगरांची निवडणूक झाली. त्यानंतरची 4 मे 2025 रोजी. एकदा निवडलेले नगरसेवक जवळजवळ दहा वर्षे खुर्चीत राहिले. मुदत पुन्हा पुन्हा कायद्याने वाढवली गेली. मधल्या काळात, 2023 च्या अर्थसंकल्पात, नगरांतील राहत्या घरांवरचा म्युनिसिपल कर माफ झाला. खेड्यांतून डिस्ट्रिक्ट कौन्सिलला तसा कर कधी नव्हताच. माफी ऐकून कोणाला दुःख झाले नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या दिवसापासून नगरपालिकेची तिजोरी पोर्ट लुईच्या अनुदानावर अधिकच टेकली, आणि नगरसेवकाला जाब द्यावयाचा तो मतदाराला की मंत्र्याला, हा प्रश्न उभा राहिला. मे 2025 मध्ये मतदान झाले तेव्हा बहुसंख्य लोक मतदानाला गेलेच नाहीत. पैसे आपण देत नाही, तर हिशेब तरी का मागावा, अशी त्यांच्या मनाची समजूत झाली असल्यास नवल नाही. पिनरच्या माणसाला मार्चमध्ये बिल येते आणि निवडणुकीच्या वर्षी मे महिन्यात मतपत्रिका येते. दोन्ही कागद सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने त्याच्या टेबलावर पडतात. त्याचा राग अनेकदा चुकीच्या माणसावर निघतो, हे आम्ही वर सांगितलेच. तरी तो राग जागा आहे. कडू कागद हाती आल्याने तो आकडे वाचतो. आपल्या हाती तो कागद येत नाही.

माफी परत घ्या असे म्हणण्याचे धाडस आम्ही या पानावर करतो आहोत असे कोणी समजेल. पेन्शनवर जगणाऱ्या विधवेकडून घरपट्टी घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. पण मोठ्या बंगल्यांवर नाममात्र का होईना कर असावा, त्याचे बिल नगरपालिकेच्या नावाने यावे, आणि त्याच्या पाठीवर खर्चाचे रकाने छापलेले असावेत, असे आम्हांला वाटते. पाचवीच्या मुलालाही बेरीज-वजाबाकी तेव्हाच कळते जेव्हा खडू त्याच्या स्वतःच्या हातात असतो.

राहिला पिनरमधील आपल्या मुलांचा प्रश्न. दारात आलेल्या कौन्सिलरला त्यांनी 'काय देणार' हे विचारू नये. तो काहीतरी सांगेलच. इंग्लंडात 2014 पासून नियम आहे की अंदाजपत्रकाच्या सभेत कोणी बाजूने हात वर केला, कोणी विरुद्ध, कोणी गप्प बसले, हे नावानिशी लिहून ठेवावे लागते. ती सभा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि 11 मार्चपूर्वी कर ठरवावाच लागतो. सभा कोणीही ऐकू शकतो आणि इतिवृत्त कोणालाही पाहता येते. शिवाय 1992 च्या कायद्यान्वये ज्या कौन्सिलरची स्वतःची घरपट्टी दोन महिने थकलेली असेल त्याला त्या सभेत मत देताच येत नाही. त्याने ते उघड सांगावे लागते, न सांगणे गुन्हा ठरतो. तेव्हा आधी त्याचे नाव त्या चार इतिवृत्तांत शोधावे. मग विचारावे की, ज्या वर्षी आपण बाजूने हात वर केलात त्या वर्षी कोणते काम कापले, ते का कापले, आणि त्याऐवजी दुसरे काय कापता आले असते. फुकट पार्किंगचा तास कशातून भरून काढला हेही विचारावे. आणि विरोधी उमेदवार आला तर त्याच्या पर्यायी अंदाजपत्रकाची प्रत मागावी. असे अंदाजपत्रक सभेपुढे मांडण्याची मुभा विरोधी पक्षाला असते. त्याने मांडलेच नसेल तर तेही इतिवृत्तात दिसते. बिलावर एक वेगळी ओळ लंडनच्या महापौरांच्या हिश्शाची असते, तिचा राग हॅरोच्या कौन्सिलरवर काढू नये. चार वर्षांची इतिवृत्ते वाचायला एक रविवार पुरतो.